विभागीय कबड्डीत दोन गुणांनी हरलो. आता मुलींशी नेमके काय बोलावे?

प्रश्न: क्रीडाशिक्षक, पारोळा तालुका

नमस्कार. सतरा वर्षांखालील मुलींचा आमच्या शाळेचा कबड्डी संघ यंदा तालुका आणि जिल्हा स्पर्धा जिंकून नाशिक विभागाच्या शालेय स्पर्धेत उतरला आणि तेथे अंतिम सामन्यात 27–29 असा पराभूत झाला. शाळा कापूसपट्ट्यातल्या लहान गावातली आहे, मैदान शाळेमागच्या काळ्या मातीचे आहे आणि संघातल्या बहुतेक मुली सुट्टीच्या दिवशी वेचणीला जातात. अशा संघाने विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली हेच पुष्कळ झाले, असे सगळे म्हणतात. मलाही ते मान्य आहे; परंतु येथे मी कौतुक मागायला आलेलो नाही, हरण्याबद्दल विचारायला आलो आहे.

मध्यंतराला आम्ही 18–11 असे पुढे होतो. दुसऱ्या सत्रात आमच्यावर लोण चढला, आघाडी गेली (लोण म्हणजे संपूर्ण संघ बाद होणे), आणि अगदी अखेरीस 27–28 अशी स्थिती असताना संघातली सर्वांत लहान, नववीतली मुलगी शेवटच्या चढाईला गेली. समोर सहा जणी होत्या, म्हणजे बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा एक गुण) उपलब्ध होता. तो घेऊन ती परतली असती तर बरोबरी होऊन सामना पाच-पाच चढायांवर गेला असता. तिने स्पर्शासाठी उजव्या कोपऱ्याकडे पाय टाकला, घोटा सापडला आणि सामना तिथेच संपला. परतीच्या जीपमध्ये दोघी जणी तिला म्हणाल्या, ‘बोनस दिसत नव्हता का तुला?’ गाव येईपर्यंत ते वाक्य सर्वांच्या तोंडी झाले होते आणि दुसऱ्या दिवशी पारावरही तेच ऐकू आले. तेव्हापासून ती शाळेत नियमित येते, पण सरावाच्या वेळी दप्तर उचलून घरी जाते.

दुसरा गट पंचांना दोष देतो. तिसरा गट म्हणतो की शहरी संघांपुढे आपला निभाव लागणारच नव्हता, त्यामुळे विचार करण्यासारखे काही उरतच नाही. मुख्याध्यापकांना अहवाल हवा आहे आणि त्यात ‘पराभवातून काय शिकलो’ असा परिच्छेद अपेक्षित आहे. तो मी आत्ता लिहून देऊ शकतो: चिकाटी, खिलाडूवृत्ती, अपयश ही यशाची पहिली पायरी. असा परिच्छेद कोणत्याही शाळेच्या कोणत्याही पराभवाला चिकटवता येईल आणि पुढच्या हंगामात त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो. हरलेल्या सामन्यातून खरोखर उपयोगी पडेल असे काही शोधायचे असेल तर ते कोठे शोधावे? मुलींशी हे बोलणे केव्हा आणि कसे करावे? आणि त्या नववीतल्या मुलीचे काय करावे?

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, अमळनेर

सर, आपण मध्यंतराचा गुणफलक आणि शेवटची चढाई या दोन गोष्टी सविस्तर लिहिल्या आहेत आणि त्यांच्या मधला सगळा खेळ ‘लोण चढला, आघाडी गेली’ एवढ्या चार शब्दांत उरकला आहे. आपला सामना मला त्या चार शब्दांतच हरलेला दिसतो. मुलींच्या सामन्यात 15 मिनिटांची दोन सत्रे असतात आणि एक चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. म्हणजे एका सामन्यात दोन्ही बाजूंच्या मिळून साठच्या आसपास चढाया होतात. त्यांतली एक त्या मुलीच्या वाट्याला आली आणि ती शेवटची असल्यामुळे सर्वांच्या डोळ्यांपुढे राहिली. सात गुणांची आघाडी तिने घालवलेली नाही. ती मैदानात गेली तेव्हा आघाडी कधीच संपलेली होती.

पहिले काम म्हणजे सामन्याचे गुणपत्रक मिळवणे. आयोजकांना विनंती केल्यास त्याचे छायाचित्र घेऊ देतात. त्यात दोन्ही संघांचे गुण क्रमाने मांडलेले असतात, बोनस, लोण आणि टाइम-आउट यांच्या नोंदी वेगळ्या केलेल्या असतात. शिवाय सहायक गुणलेखक बाद झालेल्या खेळाडूंची क्रमवार नोंद ठेवतात, ती मिळाली तर फारच उत्तम. कोणा पालकाने मोबाइलवर चित्रीकरण केले असेल तर ते शेजारी ठेवा. आठवणीवर मात्र विसंबू नका, कारण हरलेल्या सामन्याची आठवण नेहमी शेवटाकडून सुरू होते आणि बहुधा तिथेच अडकून पडते.

कागद हाती आल्यावर मध्यंतरापासून लोण चढेपर्यंतचा भाग एक-एक चढाई करून वाचा आणि प्रत्येक चढाईच्या वेळी आपल्या किती मुली मैदानात होत्या हे कडेला लिहीत जा. नुसत्या गुणांकडे पाहिले तर फसगत होते. आपल्याला हा नियम ठाऊकच आहे, पण मुलींच्या तो अंगवळणी पडलेला आहे का, हे तपासा: बाद झालेली खेळाडू परत येते ती समोरचा गडी बाद केल्यावर, आणि ज्या क्रमाने बाद झाल्या त्याच क्रमाने येते. बोनसने फलकावरचा आकडा वाढतो, पण बाहेर बसलेली कोणीही आत येत नाही. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी शालेय सामन्यांत आघाडीवरचे संघ नेमके येथे ढासळले आहेत. मुख्य चढाईपटू बाहेर बसलेली असते, आत असलेल्या मुली सुरक्षित खेळ म्हणून रिकाम्या चढाया करतात, मग तिसरी चढाई करो वा मरो (गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद) अशी होते, ती करणारीही पकडली जाते, आणि हे चक्र लोणापर्यंत थांबत नाही. आपल्याकडे असेच झाले असेल असा माझा दावा नाही. शोधायचे असेल तर तेथून सुरुवात करावी एवढेच सुचवतो.

मुलींबरोबर बसाल तेव्हा फळ्यावर मैदान काढा आणि एक पथ्य पाळा. पहिल्या बैठकीत कोणाचेही नाव घ्यायचे नाही. ‘उजवा कोपरा’, ‘पहिली चढाई’, ‘डावा मध्य’ अशा जागांच्या नावांनीच बोलायचे, म्हणजे बोट माणसाकडे न जाता जागेकडे जाते. पंचांचा विषय निघाला तर त्याला वेळ द्या, पण मोजून. एखादा निर्णय चुकलाही असेल. मात्र सात गुणांची आघाडी एका निर्णयाने जात नसते.

आणखी एक गोष्ट त्यांना अवश्य सांगा. 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचा महिला संघ अंतिम सामन्यात इराणकडून 24–27 असा हरला होता, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्याच विभागातल्या, नाशिकच्या शैलजा जैन. पुढची आशियाई स्पर्धा 2023 मध्ये हांगझोऊला झाली. तेथे भारतीय मुलींनी चिनी तैपेईविरुद्धच्या सलामीच्या लढतीत 34–34 अशी बरोबरी पत्करली आणि अंतिम सामन्यात त्याच संघाला 26–25 असे हरवून सुवर्ण मिळवले. एका गुणाने जिंकणारा आणि दोन-तीन गुणांनी हरणारा संघ यांच्यात हिमतीचा फारसा फरक नसतो. असतो तो हिशेबाचा. हिशेब शिकवता येतो, म्हणून हे सांगतो आहे.

उत्तर: माजी खेळाडू, धुळे

सरांनी हिशेब सांगितला आहे. मी पायांखालच्या गोष्टीबद्दल लिहितो. प्रश्नात मैदान काळ्या मातीचे असल्याचा उल्लेख आहे. विभागीय सामना बहुधा मॅटवर झाला असावा. तसे असेल तर त्या मुली निम्मा सामना परक्या जमिनीशी खेळल्या, ही गोष्ट कोणत्याही अहवालात येत नाही आणि आली तरी ती सबब समजली जाते.

मातीवर आणि मॅटवर शरीर वेगवेगळे वागते. मातीत खेळताना अंगाला धूळ लागलेली असते, त्यामुळे घोटा किंवा मांडी हाताला नीट सापडते. मॅटवर घामाने ओली झालेली कातडी निसटते, आणि मातीवर एका हाताने जमणाऱ्या पकडीला तेथे दोन्ही हात आणि अंगाचा भार लागतो. मातीत अनवाणी पायाची बोटे रुतवून वळता येते. मॅटवर बूट घालावे लागतात, रबरी तळवा एकदम जागीच धरतो, आणि सवय नसलेली मुलगी वळताना अडखळते किंवा घोटा मुरगळून घेते. उलट मॅटवर नेहमी खेळणाऱ्या मुली बिनधास्त अंग झोकून देतात, कारण कोपर-गुडघे सोलवटण्याची भीती त्यांच्या मनात नसते. आपल्याकडच्या मैदानात ऑक्टोबरनंतर भेगा पडायला लागतात. तेथे सराव करणारी मुलगी अंग टाकताना नकळत अर्धा क्षण थांबते, आणि पकडीत अर्धा क्षण म्हणजे सगळेच असते.

आता त्या शेवटच्या चढाईबद्दल. बोनस ‘दिसत नव्हता का’ असे विचारणाऱ्यांनी स्वतः एकदा तो घेऊन पाहावा. निदान रेषेच्या, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागणाऱ्या रेषेच्या, पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा असते. ती एका पायाने ओलांडताना दुसरा पाय हवेत असावा लागतो, आणि हे सगळे समोरच्या सहा जणींवर नजर ठेवून करायचे असते. खाली पाहायला वेळ नसतो, रेषा पायांना पाठ असावी लागते. ज्या मैदानावर सरावाच्या दिवशी फक्कीच मारलेली नसते, किंवा मारली तरी पहिल्या दहा मिनिटांत पायांनी पुसली जाते, तेथे ती पाठ कशी होणार? त्या मुलीने ऐनवेळी जे सर्वांत ओळखीचे होते तेच केले, म्हणजे कोपऱ्यावर पाय टाकला. पंधरा वर्षांच्या मुलीकडून याहून वेगळी अपेक्षा मी तरी करणार नाही.

माझा सल्ला असा की बूट पाऊस थांबताच पायांत यावेत, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे. आणि रोज सरावाआधी फक्कीने सगळ्या रेषा आखाव्यात. या कामाला शिक्षक लागत नाही, मुलीच आळीपाळीने करतील.

उत्तर: एक पालक, शहादा

मी खेळाडू नाही आणि शिक्षिकाही नाही. दोन मुलींची आई आहे आणि मोठी मुलगी खो-खो खेळत असे. अमळनेरच्या सरांचे म्हणणे मला पटते, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. फळा आणि कागद घेऊन सर्व मुलींना एकत्र बसवण्यापूर्वी त्या नववीतल्या मुलीशी स्वतंत्र बोलणे व्हायला हवे, आणि त्या बैठकीला ती आली नाही तरी तिला बोलावणे धाडू नये. आपण नावे घेतली नाहीत म्हणून ‘उजवा कोपरा’ म्हणजे कोणती चढाई, हे वर्गातल्या बाकांनाही कळते.

माझ्या मुलीच्या संघाचा सामना तिच्या एका फाउलमुळे गेला, असे सर्वांनी ठरवले होते. तिला कोणी रागावले नाही. उलट घरी जो येईल तो ‘विसरून जा, होते असे’ म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी तिला ते नव्याने आठवायचे. तिने खेळ सोडला तो हरल्यामुळे नव्हे, आमच्या या सांत्वनामुळे, असे आता मागे वळून पाहताना वाटते. एकट्या माझ्या सासूबाईंनी त्या रात्री काही विचारले नाही. तिला पाहताच त्या एवढेच म्हणाल्या, ‘जेवनी का, माय?’ आणि ताट वाढले. मुलगी त्यांच्याजवळ बसून जेवली आणि सगळा सामना तिने आपणहून त्यांनाच सांगितला.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर विचारते. उपांत्य आणि अंतिम सामना एकाच दिवशी झाला का, आणि दोन्हींच्या मध्ये मुलींनी काय खाल्ले? आमच्याकडच्या मुली पहाटे अंधारात जीपमध्ये बसतात, निम्म्या जणींना घाटात मळमळते, पोहोचल्यावर चहा-बिस्किटे होतात, दुपारी मैदानाबाहेरच्या गाडीवरचा वडापाव होतो आणि तीन वाजता अंतिम सामना असतो. मग दुसऱ्या सत्रात पाय जड झाले तर आपण त्याला ‘मानसिक दडपण’ म्हणतो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्यायला किंवा यावल-रावेरच्या केळ्यांची एक फणी सोबत न्यायला किती पैसे लागतात? पाण्यात लिंबू, साखर आणि मीठ घालून बाटल्या भरून देणे तर कोणत्याही घराला परवडते. हे काम पालकांचे आहे. शाळेने एक सभा घेऊन तसे स्पष्ट सांगावे, आम्ही करू.

पालकांच्या बाजूने आणखी एक बाब सांगते, कारण ती शाळेत कोणी बोलून दाखवत नाही. शालेय स्पर्धांचे पुढचे टप्पे आणि कापसाची वेचणी एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत मुलगी मैदानावर गेली म्हणजे घरात एक हात कमी होतो, आणि संघ हरून आला की ‘एवढे करून काय मिळवले?’ हा प्रश्न वेचणीच्या ओळीतच विचारला जातो. म्हणून दहावीच्या मुलींचे क्रीडा सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव जे असतील ते शाळेने वेळेत पाठवावेत आणि पालकांना तसे कळवावे. आईबापांना पटेल असे काहीतरी हातात असले की पुढच्या वर्षी मुलीला पाठवताना घरातला वाद निम्म्याने कमी होतो.

उत्तर: क्रीडाप्रेमी, भुसावळ

आपण सर्व जण फार सरळ मनाने लिहीत आहात. विभागीय स्पर्धेत कोणता संघ पुढे जाणार हे पुष्कळदा आधीच ठरलेले असते, अशी सर्वत्र चर्चा असते. मोठ्या शहरांतल्या संघांना मॅट, प्रशिक्षक आणि ओळखी असे सगळेच मिळते. अशा वेळी खेड्यातल्या मुलींना ‘तुमचा हिशेब चुकला’ असे सांगणे म्हणजे दुखावलेल्यांनाच दोषी ठरवणे आहे.

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, अमळनेर

भुसावळच्या भाऊंना: मॅट आणि प्रशिक्षक यांबाबत आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि त्यासाठी भांडायलाच हवे. परंतु सामना आधीच ठरलेला होता असे एकदा मुलींच्या मनात बसले की सराव करण्याचे कारणच उरत नाही. आपल्याकडे पुरावा असेल तर रीतसर तक्रार करा. नसेल तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या कानांवर ही चर्चा घालू नका.

शहाद्याच्या ताईंना: त्या मुलीशी आधी स्वतंत्रपणे बोलावे, ही आपली सूचना माझ्या सूचनेपेक्षा सरस आहे. दशम्यांबाबतही दुमत नाही.

प्रश्नकर्ता: क्रीडाशिक्षक, पारोळा तालुका

सर्वांचे आभार. थोडा उशीर झाला, कारण गुणपत्रकाची प्रत मिळेपर्यंत लिहू नये असे ठरवले होते. ती मिळाली, बाद खेळाडूंची नोंदही मिळाली आणि एका पालकांकडून दुसऱ्या सत्राचे जवळजवळ संपूर्ण चित्रीकरण मिळाले. हो, सामना मॅटवर होता, आणि उपांत्य व अंतिम सामना एकाच दिवशी झाला.

कागदावर जे दिसले ते असे. मध्यंतरानंतर लवकरच आमची मुख्य चढाईपटू पकडली गेली; बाद होणाऱ्यांत ती पहिलीच होती. तेथून लोण चढेपर्यंत आम्ही चार गुण मिळवले आणि ते चारही बोनसचे होते. म्हणजे त्या संपूर्ण काळात आम्ही समोरच्या संघाची एकही खेळाडू बाद केली नाही. एक, फक्त एक स्पर्शगुण किंवा एक पकड झाली असती तर क्रमानुसार सर्वप्रथम मुख्य चढाईपटूच आत आली असती. फळ्यावर मी दोन रकाने काढले. डाव्या रकान्यात आमचे गुण लिहिले: 18, 19, 20, 21, 22. उजव्या रकान्यात त्या-त्या वेळी मॅटवर असलेल्या आमच्या मुलींची संख्या लिहिली आणि ती सातावरून उतरत शून्यावर आली. त्याच काळात समोरच्यांनी आमच्या सात जणी बाद केल्या, तीन बोनस घेतले आणि लोणाचे दोन गुण मिळवले. 11 वरून ते 23 वर गेले. उरलेला सामना 6–5 असा झाला, म्हणजे लोणानंतर आम्ही जवळपास बरोबरीने खेळलो. अखेरचा फरक दोन गुणांचा आहे आणि लोणाचे गुणही दोनच असतात.

हे दोन रकाने पाहून वर्ग गप्प झाला. पण लगेच जे घडले त्याची मला कल्पना नव्हती. ते चारही बोनस आमच्या दुसऱ्या चढाईपटूने घेतले होते, आणि सामन्यानंतर ‘ही एकटीच लढली’ असे तिचे कौतुक झाले होते. एका मुलीने फळ्याकडे पाहत म्हटले, ‘म्हणजे हरलो ते हिच्यामुळे!’ एका मुलीच्या डोक्यावरचे ओझे उतरवून ते तितक्याच सहजतेने दुसरीच्या डोक्यावर जात होते. मी चित्रीकरणाचा आवाज मोठा करून पुन्हा लावला. तिच्या प्रत्येक चढाईच्या वेळी बाकावरून, प्रेक्षकांतून, चारी बाजूंनी ‘बोनस, बोनस’ असा एकच गजर ऐकू येतो. जे सर्व जण मागत होते तेच तिने दिले, आणि शेवटपर्यंत मॅटवर टिकून सर्वांत शेवटी बादही तीच झाली. त्यानंतर मात्र बोलण्याची दिशा बदलली. आमची डावी कोपरारक्षक म्हणाली की मुख्य चढाईपटू बाहेर असताना बोनस मागायचाच नाही, असा नियम करावा. मुख्य चढाईपटूचे म्हणणे वेगळे होते: आघाडीवर असताना तिने स्वतः सत्राच्या सुरुवातीलाच कोपऱ्यात खोल जाण्याचे काही कारण नव्हते. दोन्ही मुद्दे मी अहवालात जसेच्या तसे लिहिले आहेत. मुख्याध्यापकांनी परिच्छेद मागितला होता, त्यांना दोन रकान्यांचा तक्ता मिळाला. ते किंचित गोंधळले, पण त्यांनी तो स्वीकारला.

यापुढे सरावात आम्ही रोज एक डाव अशा स्थितीतून सुरू करणार आहोत की मुख्य चढाईपटू बाहेर आहे, आत चार जणी आहेत आणि समोर सात जणी आहेत. तिला आत आणल्याशिवाय डाव संपणार नाही. फलकाशेजारी मॅटवरची संख्या मोठ्याने सांगण्याचे काम एका राखीव मुलीकडे राहील. डब्यांसाठी पालकसभा दिवाळीनंतर ठेवली आहे.

नववीतल्या मुलीशी शहाद्याच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे आधी वेगळे बोललो, म्हणजे मी फारसे बोललो नाही. ती एवढेच म्हणाली की कोपरा तिला उघडा दिसला होता, रेषेचा विचार तिच्या डोक्यात आलाच नाही. धुळ्याच्या दादांचा अंदाज बरोबर निघाला. फळ्याच्या बैठकीला ती आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती. सरावाला अजून येत नाही. दोन्ही रकाने तिने वहीत उतरवून घेतले, असे तिच्या मैत्रिणीकडून कळले. त्यावरून काही निष्कर्ष काढावा असे मला वाटत नाही. वेचणीचा जोर ओसरला की तिच्या घरी जाऊन येईन.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. आमच्यासारख्या शाळेने मॅटवरच्या सरावाची सोय कशी करावी? विकत घेणे आवाक्याबाहेरचे आहे.

उत्तर: माजी खेळाडू, धुळे

सर, विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नका. मुख्याध्यापकांच्या सहीने तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि त्याची प्रत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्या. मॅट असलेल्या क्रीडा संकुलात सुट्टीच्या दिवसांची वेळ मागा. एकट्या शाळेपेक्षा आजूबाजूच्या तीन-चार शाळांनी मिळून अर्ज केला तर नकार देणे अवघड जाते, आणि आयताच सरावसामनाही मिळतो. स्पर्धेच्या तोंडावर गेलात तर जागा मिळणार नाही. 15 जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीनिमित्त कबड्डी दिन असतो, त्याच आठवड्यात अर्ज देऊन ठेवा.

जाईपर्यंत मुलींच्या पायांत बूट असू द्या, मातीवरसुद्धा. आणि पालकसभेत एक गोष्ट आवर्जून सांगा: वाढत्या वयाची मुलगी म्हणून एक नंबर मोठा बूट घेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. शाळेच्या बुटांना ते चालते. कबड्डीत पाय आतल्या आत सरकतो आणि वळताना पहिला दगा तोच बूट देतो.